वाटूरच्या उन्हात जावयाचा बरफ

...आन् वरतून मलाच म्हनतो, "मामा, पंखा बंद करा, बरफाला वारं लागून राह्यलं!" बेचाळीस डिग्री ऊन, वाटूरचं, कुत्रं बी गटारीतून निघंना, आन् आमचा जावई प्रितम, इंजिनेर बरं का, माझ्या ओसरीत बरफ शोधून राह्यला! तुम्हाला सांगतो, धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, जावयाला तवा जेवू घालत्यात, रीत हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पन आमचा धोंड्याचा महिना दीड वर्ष झालं, संपंना! आता जावयाला कोन बोलनार?

म्हनलं, जावईबापू, हे डबडं कशाचं? तर म्हने सेन्सर. परदेशात म्हने रस्त्यावर बरफ जमतो, वरून दिसत न्हाई, गाड्या घसरत्यात, मानसं मरत्यात. तर हे डबडं रस्त्यात पुरायचं, बरफ जमायला लागला की ते ड्रायव्हरला आधीच सांगतं. घ्या! आमच्या परतूरच्या रस्त्यात आख्खी म्हैस बसंल एवढाल्ला खड्डा, तो कोनी सांगंना, आन् ह्यो नसलेला बरफ सांगनार!

पन मंग माझी पोरगी, वर्षाराणी, चहा देता देता म्हनली, "आबा, ह्यांच्या परदेशातल्या कंपनीला ह्यांनी बरफ वळखून दावला ना, की आमाला तिकडंच बोलावनार हायेत." तिकडंच! अहो, दीड वर्ष मी अंगनात बाजेवर आन् ह्यो माझ्या पलंगावर, कूलरसमोर! त्या दिवसापासून त्या डबड्याला मी देवावानी जपलं, खोटं कशाला बोलू.

जालन्याहून बरफाची लादी आनली, भुश्यात, गोनपाटात गुंडाळून. दारात उतरवली न्हाई तवर शेजारची गोजरबाई हजर. "अगं माय! कोन गेलं वं?" कोनी न्हाई गेलं म्हनलं, जाईना म्हनून तर आनली! तिला काय, निम्मी लादी ताकाला घेऊन गेली. उरलेल्या निम्म्यावर डबडं ठिवलं, तर ह्यो कपाळाला आठ्या घालून म्हनतो, "मामा, आयता बरफ चालत न्हाई. डबड्यावर पानी पडून तिथंच जमला पायजे." म्हंजी बरफाचं बाळंतपन बी आमच्याच घरी! पन जावयाला कोन बोलनार?

दुसऱ्या दिशी अकराला कंपनीचा गोरा सायेब मोबाइलवर बघनार. ह्यो नखं खात बसला. आन् माझी बुद्धी कुठं चरायला गेल्ती देव जाने... वीस वर्षं लग्नांत आइस्क्रीमचा पॉट फिरवलेला मानूस मी! काढला माळ्यावरून. मधल्या डब्यात ह्याचं डबडं, वर वाटीभर पानी, भोवती बरफ आन् दोन किलो खडेमीठ, आन् बसलो हँडल मारत, जसं काय पाचशे पानांची पंगत खोळंबलीय. मिठानं बरफ असला थंड पडतो की डब्यातलं पानी बी गोठतं, हे पुस्तकात असंल तर ह्यानं वाचलं नसंल. दहा मिनिटांत मोबाइल वरडला... टीं टीं टीं! जमला! सायेबानं टाळ्या वाजवल्या, वर्षाराणी रडली, मी मनातल्या मनात पलंग झाडून गादी टाकली बी.

"काय म्हनले सायेब? कवा निघायचं?"

"मामा, निघायचं कशाला? सायेब लई खूश! एवढ्या उन्हात जमवलं म्हने, मंग तिथंच राहा, आनखी चाळीस डबडी धाडतो, समदी तिथंच तपासा."

माझ्या हातातलं हँडल हातातच. म्हनलं, आन् माझ्याबद्दल?

"विचारलं ना! हँडल कोन मारून राह्यलं म्हने. मी सांगितलं, माझा असिस्टंट."

असिस्टंट! सासरा हाय मी, सासरा! आता रोज सकाळी अंगनात मी पॉट फिरवून राह्यलो, आन् माझ्याच कूलरसमोरून आवाज येतो, "मामा, जरा जल्दी!"

फिरवतो बापा. जावयाला कोन बोलनार?