अर्धा डाव

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तिचा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता, स्क्रीन पूर्ण उजेडात. तो त्याने अजून बंद केला नव्हता. आज दुरुस्तीच्या दुकानात तो नुसतं विचारायला आला होता. त्याच्या पुढचे नवराबायको दुकानदारासमोरच भांडत होते.

“दादा, तुम्हीच सांगा हिला. ब्राइटनेस फुल ठेवून स्क्रीनची वाट लागते की नाही?”

“लागते, पण हळूहळू. स्क्रीनमागचे दिवे मंदावत जातात.”

“ऐकलंस?”

“हळूहळू म्हणाले ते! आणि मला दिसत नाही त्याचं काय? मी जरा उठले की हा कमी करून ठेवतो, दादा. रोज!”

“टिकावी म्हणून करतो.”

“कुणासाठी? मी आंधळी झाल्यावर तू बघत बसणार आहेस? माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!”

“बरं बाई, नाही लावत.”

ते दोघे गेल्यावर दुकानदार त्याच्याकडे वळला. “काका, तुमचं काय?”

“तेच विचारायचं होतं. फुल उजेडात सतत चालू ठेवला, तर किती टिकेल?”

“सतत? मधे बंदच करत नाही?”

“नाही.”

“मग उजेड तरी कमी करा. नाहीतर एक दिवस स्क्रीन काळी होईल. आणलाय का? मी करून देतो.”

“घरी आहे. बायकोचा आहे.”

“मग काकूंना सांगा की! एक बटण तर दाबायचंय.”

तो पायऱ्या उतरला. घरी तिने मांडलेला पत्त्यांचा डाव स्क्रीनवर अर्धाच होता, आणि ते एक बटण दाबायचं अजून राहिलं होतं.