भागीबाईंचा पलंग

समारंभाचे अध्यक्ष माननीय शामसुंदरराव, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या उज्वलाताई, आणि समोर बसलेले माझे शेजारीपाजारी, सर्वांना नमस्कार.

आज शनिवार, अठ्ठावीस फेब्रुवारी. आपल्या नागरिक मंडळाच्या सभांना मी येते, मागच्या रांगेत बसते आणि चहा घेऊन घरी जाते. बोलत कधीच नाही. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल आधी क्षमा मागते, कारण आज ते सगळं भरून निघणार आहे. अध्यक्षांनी मला मघाशी दारात सांगितलं, "मॅडम, दोन मिनिटं बोला, पण गोड बोला." शामसुंदरराव, मी प्रयत्न करते.

उज्वलाताईंनी आपल्या कॉलनीतला महिला निवारा चालवला. मंडळाच्या जुन्या बालवाडीची ती बैठी इमारत. नवऱ्याने हाकललेल्या, मुलांनी टाकलेल्या, घाटावर आणि बसस्टँडवर झोपणाऱ्या बायका तिथे राहतात. हे वाक्य मी वर्तमानकाळात म्हणते आहे, कारण उद्या संध्याकाळपर्यंत ते खरं आहे. परवापासून तिथे भक्तनिवास होणार. सिंहस्थ तोंडावर आलाय, पाहुणे येणार, त्यांची सोय व्हायला हवी. नक्कीच व्हायला हवी. या गावाने पाहुण्याला कधी नाही म्हटलंय? फक्त एक विचारते. जो एक रात्र राहून जाणार त्याच्यासाठी आपण भिंती रंगवतो, आणि जिला जायला दुसरी जागाच नाही तिला बाहेर काढतो. याला आपण आतिथ्य म्हणतो का?

याच सभागृहात निवारा बंद करायचा ठराव झाला तेव्हा कोण काय बोललं ते मला आठवतं. एक ताई म्हणाल्या, "कंपाउंडवर त्यांच्या साड्या वाळत असतात, किती वाईट दिसतं." एक काका म्हणाले, "बाहेरचे लोक काय म्हणतील?" काका, बाहेरचे काय म्हणतील याची आपल्याला केवढी धास्ती! आतल्या बायका काय म्हणतात ते ऐकायला एकीलाही बोलावलं नाही.

मी रागाने बोलते आहे हे मला कळतं. रागात माणूस समोरच्यावर अन्याय करतो, म्हणून काल बसून मी प्रत्येक वाक्य तपासलं. मला राग या बायकांसाठी येतोय, की माझ्या वडिलांची वस्तू त्यात आहे म्हणून? खरं सांगते, दोन्हींसाठी. तर आता ती वस्तू.

माझे वडील पंचवटीत घाटावर विधी सांगायचे. जन्मभर त्यांनी लोकांची शय्यादानं केली. गेलेल्याच्या नावाने पलंग, गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला द्यायच्या, म्हणजे पुढच्या प्रवासात त्याला आराम. शेवटच्या आजारात ते मला म्हणाले, "माझा पलंग घरातल्या माणसाला देऊ नकोस आणि ज्याच्याकडे पलंग आहे त्यालाही देऊ नकोस." मला भाऊ नाही. तेराव्याला मीच नवा सागवानी पलंग घेऊन निवाऱ्यावर गेले. मंत्र सांगायला वडिलांचे घाटावरचे सोबती, आमचे भटजीकाका, तेही नाराज. "अगं, असं कुठे करतात?" म्हणत होते, पण आले.

उज्वलाताईंनी भागीबाईंना पुढे केलं. भागीबाई हरसूलकडच्या. गुडघे गेलेले, जमिनीवरून उठायला भिंत लागायची. पलंग बघून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"मेलेल्या माणसाची गादी हाय. मला नको. मला अजून जगायचंय."

झालं! मी रडायच्या बेतात, भटजीकाका "मी सांगितलं होतं" अशा चेहऱ्याने उभे. उज्वलाताईंनी काय केलं असेल? त्यांनी चपला काढल्या आणि भर दुपारी त्या पलंगावर ताणून दिली. "मला काही झालं तर भागीबाई, तुम्ही घेऊ नका," म्हणाल्या, आणि खरंच झोपी गेल्या. आम्ही सगळे चहा पीत त्यांच्या उठण्याची वाट बघत बसलो. त्या उठल्यावर भागीबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही घोरता लय. म्हातारा हितं असता तर पळून गेला असता." मग त्यांनी हात पुढे केला. भटजीकाकांनी मंत्र म्हटला आणि मी त्या हातावर पाणी सोडलं.

उज्वलाताई, हसू नका, हे सगळं खरं आहे.

मंडळी, या बाईने निवारा असा चालवला. कोणालाही उपदेश केला नाही. जे दुसऱ्याला भीतिदायक वाटलं ते आधी स्वतः करून दाखवलं. आणि आज आपण तिला शाल देतोय, नारळ देतोय, "आपल्या कार्याला सलाम" असं छापलेली फ्रेम देतोय. जिचं काम आपणच बंद पाडलं तिच्या कामाला सलाम! शामसुंदरराव, ही फ्रेम लावायची कुठे? भिंत तर तुम्ही घेतलीत.

बायकांना सांगितलंय, सातपूरच्या पलीकडे एका संस्थेची शेड आहे, तिथे जा. भागीबाईंनी मला विचारलं, "मंग हितल्या लग्नातली भांडी घासून रातच्याला मी तिथवर जाऊ कशी? रिक्षावाला मला फुकट न्हेईल व्हय?" याचं उत्तर तुम्हाला देता येतं का? येत असेल तर त्यांनाच द्या, त्या लांब नाहीत. आजच्या आपल्या जेवणाची ताटं घासायला त्या मागच्या अंगणात बसल्यात.

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, जेवण गार होतंय." होऊ द्या. आज गारच जेवा.

आता राग ज्या गोष्टीने अनावर झाला ती सांगते. परवा मंडळाची माणसं निवाऱ्यातलं सामान बघून गेली आणि अध्यक्ष म्हणाले, "सागवानी पलंग चांगला आहे, तो भक्तनिवासातच राहू द्या." शामसुंदरराव, तुमच्या आईच्या शय्यादानाचा संकल्प माझ्या वडिलांनीच सांगितला होता. पाणी सोडल्यावर ती वस्तू कोणाची, हे त्यांनी तुम्हालाही सांगितलं असेल. तो पलंग माझा नाही, वडिलांचा नाही, मंडळाचा तर नाहीच नाही. तो भागीबाईंचा आहे. इमारत तुमची आहे, मान्य. ती परत घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, तोही मान्य. पलंगाला मात्र हात लावायचा नाही. आणि पलंग भागीबाईंचा असेल, तर तो मांडायला चार भिंती लागतील. त्यावर छप्पर लागेल.

हे सभागृह लग्नसराई सोडली तर रिकामं असतं. भिंती आहेत, छप्पर आहे, मागे नळ आहे, बाथरूम आहे. जवळपास दुसरी जागा मिळेपर्यंत त्या सगळ्या बायका इथे राहतील. कंपाउंडवर साड्या वाळतील. बाहेरच्या लोकांनी विचारलं तर सांगा, या आमच्या कॉलनीतल्या आहेत.

उज्वलाताई, तुम्ही मान हलवून नको म्हणताय. तुमच्या निरोपाच्या दिवशी मी भांडण काढलं, मला माफ करा. पण तुम्हाला निरोप द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. शाल तर मंडळाने दिलीच आहे.

शामसुंदरराव, मला बोलू दिलंत, मध्ये माईक बंद केला नाहीत, आभारी आहे. आपण सर्वांनी पोटात भूक घेऊन ऐकलंत, तुमचेही आभार. कोणाचं मन दुखावलं असेल तर त्याने माझ्या घरी येऊन मला बोलावं, मी ऐकून घेईन. मांडणीत काही चुकलं असेल तर पदरात घ्या. मागणी मात्र मागे घेणार नाही.

मला रोजनिशी लिहायची सवय आहे. उद्याच्या पानावर इथे येण्याआधीच एक काम लिहून ठेवलंय, तेवढं वाचून थांबते:

रविवार. सकाळी टेम्पो सांगून भागीबाईंचा पलंग सभागृहात आणणे.