लाल, पांढरी आणि माझा अंगठा

...आणि वर मलाच म्हणतो, "भाऊजी, तुमचा अंगठा स्लो आहे!" माझा अंगठा! अहो, चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, चौतीस वर्षं हे स्टॉपवॉच गळ्यात, माझ्यासमोर पळालेली पोरं बाप झाली, त्यांची पोरं पळाली, एका पालकानं कधी या अंगठ्याबद्दल ब्र काढला नाही. आणि हा माझा मेव्हणा, ज्याला लहानपणी पोत्यात पाय घालून पळायच्या शर्यतीत दिशा सापडायची नाही, तो मला अंगठा शिकवणार! कशावरून? शून्य पॉइंट शून्य सात सेकंदांवरून! पापणी लवायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो हो!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं म्हातारा चळला.

तर तुम्हाला सांगतो, एकाच इमारतीत आमची तीन घरं. तळमजल्यावर मी आणि आमची ही. दुसऱ्यावर हिचा धाकटा भाऊ, हाच तो मेव्हणा, फरशांचं दुकान आहे त्याचं. चौथ्यावर हिची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे माझे साडू. बँकेतून रिटायर झालेत, पण बोलतात अजून काचेच्या पलीकडून. आणि सासूबाई? त्या आमच्याकडे! का? तर गुडघे. जिना चढवत नाही, लिफ्टमध्ये जीव घाबरतो, म्हणून तळमजला. माझी काही तक्रार नाही... म्हणजे आहे, पण आज ती नाही.

आता या दोघांनी काय करावं? एकाच महिन्यात विजेच्या गाड्या घेतल्या. मेव्हण्याची लाल, साडूंची पांढरी. घ्या ना! माझं काय जातंय? घ्या आणि मुकाट चालवा. पण छे! रोज संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच खुर्च्यांवर बसून, माझाच चहा पीत मेव्हणा ओरडणार, "भाऊजी, शून्य ते शंभर, तीन पॉइंट आठ सेकंद! पाय ठेवला की खल्लास!" की साडू चष्मा पुसणार, फुंकर मारणार, परत पुसणार... आणि मग, "अच्छा. आमची तीन पॉइंट नऊ. परंतु कमाल वेग दोनशे. आपली एकशे ऐंशीला थांबते, असं माहितीपत्रकात नमूद आहे." की हा उसळणार, "दोनशेपर्यंत पोचेस्तोवर मी घरी जाऊन जेवलेलो असेन!" की ते परत चष्मा पुसणार!

अहो, पण जायचंय कुठे? एक दुकानात जातो, दुसरे भाजी आणायला!

चाललं असतं हो हेही. पण मध्ये आला सासूबाईंचा डोळा. उजवा कधीचाच गेलाय. उरला डावा, आणि त्यात मोतीबिंदू इतका पिकलेला की परवा मला म्हणाल्या, "बाई, दूध ठेवून जा." मला! ऑपरेशन ठरलं सोमवारी सकाळी साडेसातला. डॉक्टर बाहेरून येणार, महिन्यातून एकदाच. आणि तिथल्या नर्सबाईंनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या महिन्यावर ढकलू नका हं, एकच डोळा आहे." ही दोन रात्री नुसती कूस बदलत होती. मी म्हटलं, "अगं, झोप." तर म्हणाली, "आईला माझा चेहरा नीट दिसून वर्ष झालं हो."

आणि हे दोघे कशावरून भांडावेत? तर आईला कुणी न्यायचं! "मी मुलगा आहे, लालमधूनच जाणार आई!" "वृद्ध व्यक्तींना अधिक सक्षम वाहनातून न्यावं, असं माझं नम्र मत आहे." नम्र! मी म्हटलं, बाबांनो, हॉस्पिटल पावणेतीन किलोमीटरवर आहे, चार सिग्नल आणि अकरा गतिरोधक, मी मोजलेत... जायचंय कुठे? ऐकतंय कोण! ठरलं काय, तर जिची गाडी वेगवान, तिच्यातून सासूबाई. आणि मोजणार कोण? हा बळीचा बकरा!

रविवारी सकाळी आम्ही गोदामांच्या मागच्या रस्त्यावर. सरळ, मोकळा, शेवटी भिंत. आधी लालमध्ये मेव्हण्याशेजारी मी बसलो. पडद्यावर शंभरचा आकडा आला की घड्याळ थांबवायचं, एवढंच काम. पण तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांची सवय, शिट्टी मारल्याशिवाय माझा अंगठा दबतच नाही! "रेडी... सेट..." म्हटलं आणि बंद गाडीत फुर्रर्र केलं. मेव्हणा दचकला, त्याचा पाय सगळाच्या सगळा खाली गेला, मी सीटच्या आत, पोट पाठीला आणि शिट्टी घशाच्या दारात! पुढची दहा मिनिटं मी बोललो की शब्दाऐवजी शिट्टी येतेय असं मलाच वाटत होतं. तरी अंगठा दाबला की नाही? दाबला! तीन पॉइंट एक्क्याऐंशी. मग पांढरी. साडूंनी आधी पट्टा तपासला, आरसे तपासले, मला विचारलं, "आपण तयार आहात?" आणि मग तसेच सुटले! तीन पॉइंट अठ्ठ्याऐंशी.

आता ऐका. हाताच्या घड्याळाचा एक नियम असतो. काटेकोर नियम! शंभराव्या भागातला आकडा ठेवायचा नाही, वरच्या दहाव्या भागात न्यायचा. का? तर माणसाचा अंगठा तेवढा अचूक नसतो. म्हणजे एक्क्याऐंशीचे झाले नव्वद, अठ्ठ्याऐंशीचेही नव्वद. मी वही उघडली, लिहिलं, लाल तीन पॉइंट नऊ, पांढरी तीन पॉइंट नऊ, बरोबरी, खाली सही ठोकली. झालं! मेव्हणा थयथयाट करायला लागला. "जिंकलोय मी! तुमचा अंगठा स्लो आहे!" साडू म्हणाले, "निकाल मान्य. आता कमाल वेग तपासावा." अहो, कमाल वेग? समोर भिंत आहे!

तरी तपासला. एकशे तीस, ब्रेक. एकशे चाळीस, ब्रेक. परत मागे, परत पुढे, तीस-बत्तीस फेऱ्या झाल्या असतील. मी खाली उतरलो होतो, मला अजून नातवंडं बघायचीत. शेवटी गोदामाचा वॉचमन आला, बिचारा साधा माणूस, कधीचा बघत होता. मला हळूच विचारतो, "साहेब, पत्ता सापडत नाहीये का? जायचंय कुठे त्यांना?" असं वाटलं, त्याला मिठी मारावी!

घरी आलो तेव्हा दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या तळाला. आणि इमारतीत चार्जिंगचा पॉइंट किती? एक! मेव्हण्यानं वायर लावली, वर गेला. साडू उतरले, त्याची काढली, आपली लावली. मेव्हणा उतरला, त्यांची काढली. दोघंही शपथेवर सांगतात, "मी फक्त एकदाच." लावा-काढा, लावा-काढा, शेवटी रात्री, सगळे झोपल्यावर, तो पॉइंटच वैतागला आणि बंद पडला!

सोमवारी सकाळी सातला सासूबाई आवरून दारात, हातात पर्स, डोळ्याला काळा चष्मा. ही त्यांचा हात धरून उभी. मेव्हण्यानं ऐटीत लाल चालू केली... पडद्यावर काय यावं? कासव! खरंच सांगतो, कासवाचं चित्र येतं, बॅटरी संपली की. साडू खाकरले, "आपण पांढरीतून जाऊ." तिथेही कासव! तीन पॉइंट आठवाले आणि दोनशेवाले कासवाकडे बघत उभे. आणि ही... रागावली नाही हो, रागावली असती तर बरं होतं. खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, आईचा डोळा जाईल." बस्स.

मी आत गेलो, किल्ली आणली. माझी गाडी पंधरा वर्षांची. शून्य ते शंभर? शंभर तिनं उतारावरसुद्धा बघितलेलं नाही! तिसऱ्या किल्लीला खोकली, सुरू झाली. पुढे सासूबाई, मागे मध्ये ही आणि तिच्या दोन्ही बाजूंना ते दोन वीर, गुडघे हनुवटीला लावून. चार सिग्नल, अकरा गतिरोधक, सासूबाईंचं "सावकाश, जावईबापू," आणि सात सत्तावीसला दारात!

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सासूबाई हिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, केवढी पांढरी झालीस गं!" ही रडली. मीही... धूळ होती तिथे. ते दोघे बाहेर उभे होते, त्यांच्या डोळ्यांतही धूळच असणार.

संपलं ना? नाही! आता सासूबाईंना दिसतंय! आणि दिसतंय म्हटल्यावर सगळं बघायचंय. मुलगा म्हणतो, लालमधून चल. जावई म्हणतात, पांढरीतून या. नको! "त्यांच्या गाड्यांतून काही बघायच्या आतच ते मागे जातं," म्हणतात, "जावईबापूंची कशी छान हळू जाते." रोज सकाळी, रोज! काल मी मुद्दाम घड्याळ लावलं. मी किल्ली उचलल्यापासून त्या पुढच्या सीटवर बसेपर्यंत, अकरा पॉइंट दोन सेकंद. वरच्या दहाव्या भागात नेऊन! गुडघ्यांमुळे तळमजल्यावर राहतात ना त्या?

हा... ऐकलात हॉर्न? त्याच. बसल्यासुद्धा. मी मघाशी खिडकीतून विचारलं, "आई, जायचंय कुठे?" तर म्हणाल्या, "कुठेही चला हो, मला काय घाई आहे?"