हलू नका

—नाही नाही, तो नको, तो ठेवा बाजूला, आधी हा घ्या हातात. जड लागतोय? लागू दे. चांगली वस्तू हातात आली की हाताला कळलं पाहिजे — संध्याकाळपर्यंत मान दुखेल, ते खरं, पण फोटो बघितलात की मान विसराल. आता तुम्ही म्हणालात, कॅमेरा एकच घ्यायचाय आणि कामं दोन आहेत. आईंचा एक नीट फोटो हवाय, आई पंच्याऐंशीच्या, खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. आणि मुलगी अडथळ्यांच्या शर्यतीत पळते, तिचे पळतानाचे हवेत. म्हणजे एक जण जागची हलत नाही आणि दुसरी जागेवर राहत नाही! हसा, हसा — पण आमच्या धंद्यातलं सगळं भांडण एवढंच आहे बघा. आता हे दोन्ही बिनआरशाचे. पूर्वी कॅमेऱ्यात आरसा असायचा, फोटो काढताना तो वर जायचा आणि खट्ट व्हायचं. आता आरसा गेला, वजन उतरलं, पण माझ्या ह्या मोठ्याने आवाज तरी सोडलेला नाही — दाबा. ऐकलंत? खट्. असा आवाज आला की समोरच्याला कळतं, झालं एकदाचं, आणि तो श्वास सोडतो. तो लहान मात्र मुक्याचा मुका. बघायचाय? बरं, घ्या हातात, इथे बोट ठेवा आणि दाबत राहा हवं तितकं, त्याला काही होत नाही. मी तोवर ह्याची काच पुसतो.

तर मोठ्याचं काय, की आतला सेन्सर मोठा. सेन्सर म्हणजे ज्याच्यावर उजेड पडतो तो. पावसात वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, पाणी परातीतच जास्त साठणार ना? तसं आहे. तुमच्या आईंच्या खोलीत उजेड कमी असेल, असतोच म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत, त्यांना पडदा ओढलेला बरा वाटतो — तरी हा सगळं टिपणार. गालावरची एकेक सुरकुती, कानातला खडा, मागची भिंत लोण्यासारखी मऊ. फक्त आईंना सांगायचं, हलू नका. एवढंच. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं ह्या खोलीत हेच सांगितलं आणि मी पंचवीस वर्षं हेच सांगतोय. हनुवटी खाली, खांदे सैल, हलू नका. तो कंगवा दिसतो ना आरशाशेजारी, सुतळीला बांधलेला? वडिलांच्या वेळचा. आणि तो टाय. टाय विसरून पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या निम्म्या गावाच्या गळ्यात हा एकच टाय आहे, मागे इलॅस्टिक आहे त्याला. दोन साहेब एकदा एकाच टेबलावर आपापली ओळखपत्रं ठेवून बसले आणि— असो, ते नंतर.

लहान? लहानाचं काय सांगू. हलका आहे, हे मान्य. इतका हलका की खिशात आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं — ह्याला काय गुण म्हणायचा? मुठीत नीट बसत नाही. बॅटरी लवकर उतरते. आणि पळणाऱ्या माणसाचा बिनआवाजाचा फोटो काढला की पाय वाकडे येतात, हे तर कुणी सांगतच नाही तुम्हाला — चित्र ओळीओळीने वाचतो ना तो, तेवढ्यात पाय पुढे गेलेला असतो, म्हणून फोटोत मुलीचा गुडघा पोळपाटासारखा... काय? मुलगी घरी म्हणाली तसं होत नाही म्हणून? हुशार आहे मुलगी. हं. नाही होत. म्हणजे जुन्यांत व्हायचं, ह्यात नाही होत, हा फार जलद वाचतो. मी आपलं सांगून ठेवलं. बॅटरीचंही— खरं सांगायचं तर बॅटरी मोठ्याचीच लवकर उतरते. अहो, असं बघू नका माझ्याकडे, दुकानदार आहे मी, थोडं इकडचं तिकडे होतं. खरं हवं असेल तर ऐका: पळणाऱ्या पोरीसाठी ह्या लहानासारखा दुसरा नाही. एकदा तिच्या डोळ्यावर फोकसची चौकट बसली की सुटत नाही, तिने अडथळ्यावरून उडी मारली तरी चौकट तिच्याबरोबर उडी मारते. सेकंदाला वीस फोटो. सेन्सर लहान, म्हणून तेच भिंग ह्यावर लावलं की लांबचं आणखी जवळ दिसतं — मैदानाच्या ह्या टोकाला बसून त्या टोकाची तिच्या कपाळावरची बट काढाल तुम्ही. आणि आवाज नाही. झालं समाधान?

मग मी त्याला नावं का ठेवतोय? छे, नावं कुठे ठेवतोय! बरं, ठेवतोय. तो आमच्या धाकट्याचा आहे. माझा भाऊ, बारा वर्षांनी लहान. त्याला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण पाळण्यातसुद्धा एका जागी सापडायचा नाही. मी आत ह्या पडद्यापुढे फोटो काढणार आणि हा बाहेर पक्ष्यांमागे, सायकलींमागे, पोरांच्या चेंडूमागे. मी म्हणायचो, अरे, माणसाला दोन मिनिटं गप्प बसवता येत नाही तो कसला फोटोग्राफर? तो म्हणायचा, दादा, तुझ्या फोटोंतली सगळी माणसं दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी दिसतात. रोज हेच. जेवताना हेच. आमची ही म्हणायची, तुम्हा दोघांना एका ताटात वाढलं तर भातसुद्धा कॅमेऱ्यावरून भांडेल. मजा यायची हो. मग हा लहान कॅमेरा आणला त्याने, आणि मी म्हटलं, आवाज नाही तो कॅमेरा कसला, नुसतं खेळणं — कानामागून आला आणि तिखट झाला.

आता हे मी कुणाला सांगत नाही, पण तुम्ही गप्प ऐकून घेताय म्हणून सांगतो. शाळेला पन्नास वर्षं झाली त्याचा ग्रुप फोटो होता. बत्तीस शिक्षक, तीन ओळी, पुढे खुर्च्या, भर उन्हात. मी सगळ्यांना लावलं, उंच मागे, बुटके पुढे, मुख्याध्यापिका मधोमध, हलू नका म्हटलं — आणि माझ्या मोठ्याची बॅटरी संपली! दुसरी घरी. भिंगरी होता बरोबर, त्याने आपला कॅमेरा माझ्या हातात दिला. मी दाबलं. काही नाही. परत दाबलं. खट् नाही, फट् नाही. उन्हात मागचा स्क्रीन दिसेना, चष्मा कपाळावर. हलू नका, हलू नका म्हणतोय आणि दाबतोय, दाबतोय — पहिल्या ओळीतले मास्तर हसायला लागले, मग बाई हसायला लागल्या, मुख्याध्यापिकासुद्धा पदरात तोंड घालून — आणि माझं डोकं सटकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. बत्तीस माणसांपुढे म्हटलं त्याला, हा कॅमेरा तुझ्यासारखाच आहे, नुसती मिरवणूक, कामाच्या वेळी शून्य. तो हसत होता तोवर. मग नाही हसला. कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि चालायला लागला.

कॅमेऱ्याला काय झालं होतं? काही झालं नव्हतं! चालूच होता. दोनशे बारा फोटो निघाले होते, ताई. दोनशे बारा. एकही वाकडा नाही. फक्त आवाज नाही आला, आणि आवाज नाही म्हणून मी समजलो बंद आहे. पंचवीस वर्षं कॅमेरा हातात असलेला माणूस! ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. आणि शाळेने त्यातलाच घेतला, सगळे खदाखदा हसतायत तो. मोठा करून कार्यालयात लावलाय. त्या शाळेचा इतका जिवंत फोटो पन्नास वर्षांत कुणी काढलेला नाही, असं पत्र आलं मला. मला! ते पत्र आहे ड्रॉवरमध्ये. लावलं नाही भिंतीवर. कसं लावणार?

तो? दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर कॅमेरा ह्या काउंटरवर, खाली चिठ्ठी — विकून टाक. दोन शब्द. खोलीवर राहायला गेला मित्राच्या. तीन महिने होतील आता. फोन? करणार होतो. रोज करणार असतो. पण मोठा भाऊ ना मी — फोन हातात घेतला की दातखीळ बसते. माझं चुकलं, एवढे दोनच शब्द आहेत, त्याच्या चिठ्ठीइतकेच, पण निघत नाहीत. म्हणून त्याने सांगितलं तसं केलं, कॅमेरा काचेत ठेवला विकायला. ठेवला तर खरा, पण तुमच्याआधी सहा जण आले विचारायला, सहाही जणांना मी काही ना काही सांगून वाटेला लावलं. एकाला सांगितलं ह्याला बुरशी लागलीय. लागलेली नाही! रोज पुसतो मी. आता तुम्ही सातव्या. पण तुम्ही काही हलत नाही बुवा, आल्यापासून लहानच लहान करताय — कुणी सांगितलं हो तुम्हाला, की ह्याच दुकानात जा आणि लहानच घ्या?

मैदानावरचा फोटोवाला? कुठलं मैदान? तुमची मुलगी सराव करते ते. हं. कसा आहे दिसायला? लाल टोपी... आणि चालताना एक खांदा वर? थांबा. थांबा जरा. त्याच्याकडे कॅमेरा कुठला आहे? जुना, काळा, पट्टा तुटून गाठ मारलेला, खट्ट आवाज करणारा — अहो, तो आमच्या वडिलांचा! तो घेऊन गेला काय हा माळ्यावरून! काय म्हणता? गेल्या रविवारी मुली सुरुवातीच्या रेषेवर वाकलेल्या, सगळीकडे चिडीचूप, आणि ह्याने खट्ट केलं आणि तुमची मुलगी बंदुकीआधीच सुटली? आणि तिला बाद केलं? अरे देवा. मग तो तिच्याजवळ येऊन माफी मागून गेला? तिथल्या तिथे, सगळ्यांपुढे? हं. त्याला जमतं ते. आणि मग तुम्हाला म्हणाला, अमक्या गल्लीत दुकान आहे, तिथे एक न बोलणारा कॅमेरा आहे, घेऊन टाका, मालक फार बोलतात, बोलू द्या. मालक! दुकान आपलंच आहे, एवढंसुद्धा बोलला नाही?

नाही, काही नाही, काच पुसतोय. पुसून झाली, हो, मघाशीच झाली. तुमचं काय चाललंय पण? अजून दाबताय? मघापासून? अहो, मी दाबत राहा म्हटलं म्हणजे इतका वेळ... कुणाचे काढलेत? माझे? द्या इकडे, बघू. तीनशे सोळा! मला कळलंसुद्धा नाही. कळणार कसं, आवाज कुठाय. हा बघा, कंगवा दाखवतोय. हे शाळेचं सांगत असेन, तोंड बघा, काढा प्यायल्यासारखं. आणि हा... हा केव्हाचा? लाल टोपी म्हणालात तेव्हाचा. हा मी आहे? पंचवीस वर्षांत माझा एक फोटो नाही ताई, लग्नातला सोडला तर, आणि त्यात मी खांबासारखा उभा आहे. असे डोळे झालेत माझे? मला वाटत होतं, मी हसत हसत सांगतोय सगळं.

येते हो आठवण. फार येते. झालं, बोललो.

हे बघा, कॅमेरा विकायचा नाहीये. रागावू नका. ज्याचा आहे त्याला तो आधी लागणार, नाहीतर तुमची मुलगी पुढच्या रविवारीसुद्धा बाद होईल. तिचे पळतानाचे फोटो तो काढेल, हवे तेवढे. तुमच्या आईंचा मी काढतो, घरी येऊन, मोठ्यावर — आणि हलू नका म्हणणार नाही, शब्द दिला. म्हणजे तुम्हाला कॅमेरा लागतच नाही! बघा, असा धंदा करतो मी, ही उगाच नाही डोक्याला हात लावत. तरी हवाच असेल तर असाच दुसरा मागवून ठेवतो. सराव किती वाजेपर्यंत असतो? साडेपाच. म्हणजे भिंगरी आत्ता तिथेच असेल. थांबा, चष्मा... हा नंबर. वाजतोय.

हॅलो? मी. मीच रे, दादा. ऐक, तू काही बोलू नकोस, मला आधी बोलू दे, नाहीतर परत राहून जाईल. माझं चुकलं. कॅमेरा चालू होता, डोकं माझं बंद होतं. हो, त्या ताई इथेच आहेत. नाही, नाही विकला. बंदुकीची वेळ झालीय? मग खट्ट करू नकोस, मेल्या, ठेव तो खाली! मी येतोय तुझा घेऊन. आहेस तिथेच थांब. हलू नकोस.

—चला ताई, उठा. दुकान बंद. दार तेवढं ओढून घ्या.