नुसतं नाव दिलं होतं

चीटिंगच्या शिक्षेचं मले नका सांगू गा, मी ती भोगली आहे. आमच्याकडे चाळिशीवरच्यांची फुटबॉल स्पर्धा होती. माझं पोट पाहून कॅप्टन बबनभाऊ म्हणाला, "तू नुसतं नाव दे." अन् माझ्या नावावर कन्हानचा बावीस वर्षांचा पोट्टा उतरवला, केसाले पावडर फासून! सेमीफायनलमध्ये त्यानं दोन गोल हाणले. तिसऱ्यासाठी हेडर मारला, तर डोक्यातून पांढरा ढगच उठला.

रेफरीनं शिट्टी वाजवली. मले वाटलं, झालं, टीम बाद. पण त्यानं यादी काढून विचारलं, "यातला खरा विलास कोण आहे?"

मी लाइनीबाहेर तर्री-पोहे खाऊन राहिलो होतो. बावळटासारखा हात वर केला ना!

"याचे गोल रद्द. आता शेवटपर्यंत तुम्हीच खेळा. बदली खेळाडू भेटणार नाही."

"काहून? मी तर काहीच केलं नाही!"

"म्हणूनच. आता करा."

पाचव्या मिनिटाले मी मैदानात आडवा. छातीचा भाता झालेला, डोळ्यापुढे अंधारी. रेफरी धावत आला, वाकून माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाला, "उठा काका. नाटक केलं तर पिवळं कार्ड दाखवीन."