उपवासाच्या लाडवाची मागची घडी

नाही, ऑर्डर नंतर, वरद — आधी मोबाइल खिशात घाल आणि हे पाकीट हातात घे. तुझ्याच कंपनीचं. उपवासाचे राजगिरा लाडू, वर हिरवा ठिपका, ‘सात्त्विक’ म्हणून सोनेरी अक्षरं. आता मागं जिथं चिकटवलंय ना, ती घडी उचल. नखानं उचल! वाच. मोठ्यानं वाच की — राजगिरा, गूळ, शेंगदाणे... पुढं? दुधाची पावडर. तूप. आता म्हण, ‘शेठ, दूध उपवासाला चालतं.’ चालतं रे बाबा, उपवासाला चालतं. आमच्या उत्कर्षाला चालत नाही!

उत्कर्षा म्हणजे आमची सून, इंद्रजितची बायको. इथल्याच, उरणकडच्या जासईची पोरगी. जत्रेला आमच्या गावी नेली, साताऱ्याकडं, तिथं गोठ्यात गोचीड चावली. एवढीशी गोचीड! तेव्हापासून दुपारी मटण खाल्लं की दिवेलागणीला ओठ सुजायचे, अंगभर पित्ताच्या गांधी, श्वास अडकायचा. इतक्या उशिरा सूज आल्यावर मटणावर संशय कोण घेणार? डॉक्टरीणबाईंनी घेतला. म्हणाल्या, गोचीड चावली की काहींच्या अंगाला जनावराचं मांस सोसेनासं होतं; बकरं, डुक्कर, पिलांना दूध पाजणारं कुठलंच जनावर नको. कोंबडी, मासे, अंडी खुशाल. आणि हिला तर दूध-तूपही नको. म्हणजे बघ — अंड्याच्या नूडल्सवर मांसाहाराची खूण, त्या तिला चालतात. हिरव्या ठिपक्याचा पेढा जीव घेईल! तुमचा ठिपका सोवळं-ओवळं सांगतो, जिवाचं काही सांगत नाही. म्हणून मी दुकानातलं एकेक पाकीट वाचतो — बिस्किटं, सूप, जेलीच्या गोळ्या, त्यात तर जनावराच्या हाडाकातड्याचं जिलेटिन. पण उपवासाचं पाकीट? ते कोण वाचतं रे? आपल्यात देवाच्या नावाचं म्हटलं की झालं.

संकष्टीला खाल्ला लाडू. संध्याकाळी पोरीचा चेहरा ओळखू येईना. डॉक्टरीणबाईंनी देऊन ठेवलेली सुई इंद्रजितनं टोचली म्हणून वाचली. आणि आमची गोजरा — बायको माझी, तिच्या तोंडाला लगाम आहे का? — ‘उपवासाच्या दिवशी चोरून मटण खाल्लं हिनं, गणपतीनं लगेच दाखवलं!’ पोरगी तसल्या सुजलेल्या तोंडानं शपथा घेतेय. शेवटी तिचा भाऊ आला, कमळाकर. घेऊन गेला. जाताना म्हणाला, ‘तुमचे घरचं पानी पन नको तिला.’ मला, ज्याच्या दुकानावर अर्धं जुईनगर जेवतं!

तर आता तू असं करायचं. वर घरी जायचं आणि गोजराला सांगायचं — काकू, लाडवात दूध होतं, पोरीनं मटणाला हात लावला नाही. — मी? मी सांगेन की. सांगणारच होतो... अरे, मी सांगितलं तर ती विचारील ना, पाकीट कुणी दिलं! म्हणून तू म्हणायचं, सॅम्पल होतं, मीच वहिनींच्या हातात ठेवलं. बस. दुप्पट माल घेतो तुझा. चल, तिप्पट.

मान काय हलवतोस? घडीखाली दूध लपवणाऱ्या कंपनीचा माणूस मला खरं-खोटं शिकवणार? भुकेनं तोंड बारीक करून बसली होती रे ती! दिलं मी, मायेनं दिलं — फासावर चढवतोस? नीघ. उचल तुझे खोके, आणि पुन्हा या दुकानात तोंड —

गोजरा? तू... कधी आलीस खाली?

आणि चपला घालून कुठं निघालीस? जासईला?