डाव्या खणातली कवळी

—नाही नाही, हसायचंच आहे, पण तोंडानं नको, माप बिघडेल. नाकानं श्वास घ्या, मावशी. मळमळतंय? सगळ्यांनाच मळमळतं. हा गुलाबी लगदा घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात, तोवर ट्रे मी असाच धरून ठेवणार — आणि तोवर तुम्ही माझे प्रेक्षक. डॉक्टरीणबाई जेवायला गेल्यात. मापं घ्यायची, मागच्या खोलीत कवळ्या बनवायच्या, हे माझं काम. संध्याकाळी मी स्टँडअप करतो, स्टेजवर एकट्यानं उभं राहून लोकांना हसवायचं. येत्या शनिवारी स्पर्धेची फायनल आहे. जिंकलो तर दर आठवड्याला स्टेजवर स्वतःचा अर्धा तास, मग दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालणं बंद. जोक मी इथंच तपासतो. लोक म्हणतात, तोंडात लगदा भरलेल्या माणसाचं काय कळणार? अहो, त्याचंच कळतं! तोंड खोटं हसतं, डोळे नाही हसत. डोळ्याच्या कडेला सुरकुती पडली की वहीत एक टिक. तुमची अजून एकही पडली नाही, बरं का. असो.

पहिल्या वर्षी काय काय नाही केलं! लिफ्टवर जोक, घरमालकावर जोक, बायकोवर जोक — मला बायको नाही, तरी बायकोवर! शिसारी येते आता ती वही उघडताना. समोर वीस डोकी, पंधरा मोबाइलमध्ये, उरलेली पाच माझ्यासारखीच आपल्या नंबराची वाट बघणारी — ती तर मेली तरी हसायची नाहीत. मग एकदा काहीच सुचेना म्हणून बाबांची नक्कल केली. बाबा स्टेशनवर गाड्या पुकारायचे, तीस वर्षं, असा खणखणीत आवाज. आता कवळी आहे. मीच बनवली, माझी पहिलीच, वरची जरा सैल झाली, त्यामुळे बोलताना शिट्टी वाजते. ‘शहाण्या, शंभर वेळा सांगितलं, साबण सुकवून ठेव!’ — शीऽऽ, शीऽऽ, शीऽऽ — बघू डोळे? नाही? बरं. त्या दिवशी लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. सगळे मोबाइल खाली! तेव्हापासून बाबा म्हणजे माझं मटेरियल.

पण तेही शिळं होतं हो. तीच शिट्टी किती दिवस ऐकवणार? म्हणून मग मी — हलू नका — मी मुद्दाम साबण पाण्यात टाकायला लागलो. चष्मा लपवायचा. रिमोट फ्रीजमध्ये. ते चिडायचे, माझ्या खिशात मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेला. घाण आहे, मला काय कळत नाही? सगळेच करतात — नाही, सगळे नाही करत. मागच्या महिन्यात ते न सांगता कार्यक्रमाला आले. इस्त्रीचा शर्ट, तिसरी रांग. मी स्टेजवर त्यांची शिट्टी वाजवतोय, ते तोंडावर हात ठेवून हसतायत. म्हणजे मला वाटलं, हसतायत. घरी आल्यावर म्हणाले, ‘मला आवडलं.’ दोनच शब्द — आणि दोन्ही निवडून काढलेले, शिट्टी न वाजणारे. तेव्हापासून गप्प आहेत. आत्याचा फोन आला तरी माझ्या हातात देतात. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आता शनिवारी नवीन काय करायचं! शी! थुंकावंसं वाटतं स्वतःवर, आणि दुसऱ्या मिनिटाला वाटतं, हेही वहीत लिहून ठेवू.

आणि मला जमत नाही असं समजू नका. बाबांची दुसरी, घट्ट बसणारी कवळी तयार आहे. तुमच्या डाव्या हाताला तो खण, त्यात निळी डबी. पाच महिने झाले. डोळे काय मोठे करताय? दर बुधवारी येतात ते, सैल होते म्हणून. आजही आलेत, बाहेर बाकावर चौकड्याचा शर्ट घातलेले, तेच. मी कवळी मागं नेतो, मशीन नुसतंच चालू करतो, गूंऽऽ, दोन मिनिटं, की परत आणून देतो. माझ्याच हिरड्या वाईट, तू तरी काय करणार, असं म्हणायचे, बोलत होते तेव्हा. पोळीसुद्धा पाण्यात भिजवून गिळतात. शर्ट बघा कसा लोंबतोय अंगावर. पण शिट्टी गेली तर मी कोण, मावशी? कवळीवाला! — रडू नका हो. लगद्यामुळं येतं डोळ्यांत पाणी. लगद्यामुळंच.

चला, झालं. निघाला बघा, छान माप आलंय. चूळ भरा. कसं वाटलं? खरं सांगा, पहिला भाग लांबला का? बोला की आता, तोंड मोकळं आहे — अहो, ओठ तरी पुसा! तो खण नका — मावशी. ठेवा ती डबी. शनिवारपर्यंत, तीन तर दिवस! रविवारी देणारच होतो मी. देणारच होतो! अहो, गळ्यातला रुमाल तरी काढा, दार —

दिलीत त्यांच्या हातात. बसली वाटतं कवळी. लगेच बसली.

ऐकताय? ‘सहा सत्तावीसची गाडी फलाट क्रमांक सातवर येत आहे.’ बाकावरचे सगळे वळून बघतायत बाबांकडे. एक शिट्टी नाही. कुठंच नाही.

इकडं बघतायत ते. मावशी, दार ओढून घ्या. विचारलं तर सांगा, मी जेवायला गेलोय.